अनारकानच्या अंगणातला तंबू

स्वतःच्या नावानं चाललेला आक्रोश कान देऊन ऐकणारी, आणि वर त्यात चुका काढणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल, तर 'हिंमत' हा शब्द जरा जपून वापरा. हल्ली तो कुणालाही चिकटवतात.

डोंगराखालच्या सारी-बुलाक गावची अनारकान अडुसष्ट वर्षांची. त्यातले बेचाळीस उन्हाळे वरच्या कुरणांवर गेले, घोड्यांची दुधं काढण्यात आणि नवऱ्याशी भांडण्यात. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. पोटातला कॅन्सर सापडला तो मागच्या पानगळीत, आणि सापडला तेव्हाच यकृतापर्यंत पोचलेला. शहरातल्या डॉक्टरांनी दोनदा औषध चढवलं. तिसऱ्या खेपेला फाइल मिटून मुलाच्या हातात दिली. "घरी न्या. दुखणार नाही एवढं बघा."

मुलगा रिसबेक गावच्या शाळेत गणित शिकवतो. गणित सुटत नाही म्हणजे आपलीच कुठंतरी पायरी चुकली, अशी त्याची जन्माची समजूत. त्यानं दुसरा डॉक्टर शोधायला घेतला.

इकडं गावातली नर्स कालिपा मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन आली. दर चार तासांनी एक, घड्याळ लावून. लगेच गल्लीतल्या शहाण्यांना कंठ फुटला. म्हणे, सवय लागेल! दुखणं दुसऱ्याच्या पोटात असलं की लोकांना तत्त्वं फार सुचतात. अनारकाननं सगळ्यांना एकाच वाक्यात गप्प केलं.

"अडुसष्टाव्या वर्षी सवय लागून मी काय करणार आहे गं? रात्री डिस्कोला जाणार?"

गोळ्या लागू पडल्या. शेजारच्या सात बायकांनी आठवड्याचे वार वाटून घेतले. सोमवारचं सूप एकीचं, मंगळवारी अंग पुसायला दुसरी, शुक्रवारची जरा तोंडाळ होती, तिच्याकडं गावच्या बातम्या. सून बेगायिम कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा सलग झोपली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आपल्या गल्लीतली बाई आडवी पडली की उभं राहायचं, यासाठी आमंत्रण कशाला लागतं?

मग जून आला. गल्लीतून कळप वर निघाले. मेंढ्या, घोडे, मागं गाढवावर बांधलेली भांडी. अनारकाननं भिंतीकडं तोंड केलं ते दोन दिवस वळवलंच नाही. खाणं बंद. कालिपानं आधीच सांगून ठेवलं होतं की वरचा रस्ता त्यांना झेपणार नाही, दुसऱ्या वळणालाच जीव जाईल.

तिसऱ्या दिवशी ती मुलाला म्हणाली, "मला तंबूत झोपायचंय. कुरणावर नेता येत नाही ना? मग इथं अंगणात उभा करा."

रिसबेकनं हातातला पेला खाली ठेवला.

"आपा, काय बोलतेस तू?" आईला तो आपाच म्हणतो, सगळी गल्लीच म्हणते. "अंगणात तंबू? तू अजून जिवंत आहेस!"

त्याचं म्हणणं तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कुरणावरचा बुरणुसाचा तंबू म्हणजे घर. पण गावात, घराच्या अंगणात तो उभा राहतो एकाच कामासाठी. आत मयत ठेवतात, बायका बसून शोक करतात, आणि आलेला प्रत्येक पुरुष फाटकापासूनच रडत ओरडत धावत येतो.

"जिवंत आहे म्हणूनच सांगतेय," अनारकान म्हणाली. "मेल्यावर न विचारताच नेऊन ठेवाल की. पण तेव्हा छताच्या मधल्या उघड्या चक्रातून मला काय दिसणार, कप्पाळ?"

"सोमवारी गाडी येतेय. शहरात नव्या डॉक्टरांची वेळ घेतलीय मी."

"घेतलीस? बरं." आणि परत भिंतीकडं तोंड.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत पेपर तपासायला गेला आणि इकडं सात बायकांनी डाव साधला. अनारकानचा तंबू केव्हाच विकला गेला होता. म्हणून जाळीच्या भिंती एका घरून आल्या, छताच्या काठ्या दुसऱ्या, चक्र तिसऱ्या आणि बुरणूस जिथं मिळाले तिथून. झालं ते व्हायचंच होतं. चक्र लहान तंबूचं, काठ्या मोठ्या तंबूच्या. भोकं कमी, काठ्या जास्त, आणि त्याही वाकड्या. अनारकानला खाटेसकट बाहेर आणलं होतं. तिथून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"अगं टोकं तासा! तासा म्हणतेय ना! तुमच्या आयांनी तुम्हाला काय शिकवलं, नुसतं लग्न करायला?"

"आपा, तुम्ही आजारी आहात ना?"

"पोट आजारी आहे. डोळे नाहीत."

दुपारपर्यंत तंबू उभा राहिला. डावीकडं कललेला, डोक्यावरची टोपी तिरकी घातलेल्या बेवड्यासारखा. रिसबेक घरी आला, फाटकात थांबला, आणि तिथंच दगडावर बसला.

"कुणाला विचारून?" तो बायकोवर खेकसला.

"आपांना," बेगायिम म्हणाली. "त्यांचंच मरण आहे, त्यांनाच विचारलं."

सकाळी चक्रातून ऊन तोंडावर येईपर्यंत अनारकान झोपून राहिली. उठल्यावर दोन वाट्या सूप मागितलं. रिसबेकनं ते पाहिलं. तरी म्हणाला, "सोमवारी गाडी आली की काढायचा."

शनिवारी घोटाळा झाला. नदीपलीकडे दोरोनबेक राहतो, अनारकानच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. तो पुलावरून येत होता. लांबूनच अंगणातला तंबू त्याला दिसला. फोन करावा, कुणाला विचारावं, छे! तंबू दिसला म्हणजे संपलं. गाडी वळवली, घरून एक मेंढा डिकीत कोंबला, चार पुतणे मागं कोंबले आणि थेट फाटकावर. उतरला तो तिथल्या रीतीप्रमाणं कमरेवर हात ठेवून, गळा काढून, धावतच.

"अगं माझ्या डोंगराएवढ्या वहिनी! मला पोरका करून कुठं गेलीस गं! चाळीस मेंढ्या वाचवल्यास माझ्या, आता मला कोण वाचवणार गं!"

मागून चार पुतण्यांचा कोरस. डिकीतून मेंढ्याचा. बेगायिमच्या हातून किटली पडली.

तंबूच्या आतून आवाज आला. "सदतीस होत्या."

दोरोनबेक तंबूच्या दारातच थबकला.

"सदतीस मेंढ्या. आणि दोन शेळ्या, त्यातली एक लंगडी. आत ये, दोरोनबेक. आवाज बसलाय तुझा, चहा घे."

तो आत गेला. बघतो तर वहिनी लोडाला टेकून बसलेली. त्यानं कपाळावर हात मारला. "तोबा! तू आहेस!"

"आहे. आता बस आणि पुढचं म्हण. चाळीस वर्षांत तुझ्या तोंडून माझ्याबद्दल एक बरा शब्द ऐकला नाही. मेल्यावर सांगणार होतास काय? चल, डोंगराएवढी वहिनी, पुढं?"

दोरोनबेक गांगरला, मग बसला. आणि खरंच सांगत गेला. त्या बर्फाच्या साली तो तापानं पडला होता, तेव्हा हिनं नवऱ्याचं न ऐकता त्याचा कळप आपल्या मेंढवाड्यात घेतला. आपल्या मेंढ्यांच्या तोंडचा चारा त्याच्या मेंढ्यांना घातला. सांगता सांगता त्याला खरंखुरं रडू आलं, आणि अनारकान हसायला लागली. पोट धरून, दुखत असताना, खो खो.

बाहेर रिसबेक तंबूचा दोर सोडत होता. रागानं लालबुंद. "मारून टाकलं लोकांनी माझ्या आईला! सांगत होतो मी!" एक गाठ सुटली, दुसरी हातात होती, तेवढ्यात ते हसणं त्याच्या कानावर आलं. पानगळीपासून ऐकलं नव्हतं. त्याचा हात थांबला.

"रिसबेक, आत ये," आईनं हाक मारली. तो आला. दोर हातातच.

"तू गाडीत घातलंस तर मी येईन," ती म्हणाली. "रुसणार नाही. पण तिथं मी भिंतीकडं तोंड करून मरेन रे."

"मला भीती वाटते, आपा."

"मलाही वाटते. बस इथं."

तो बसला. दोरोनबेकनं पहिल्यांदाच शहाणपणा केला आणि आपला चहा त्याच्यापुढं सरकवला. मग रिसबेक उठला, बाहेर गेला आणि सोडलेला दोर परत बांधला. आतून लगेच ऐकू आलं, "गाठ चुकली! मास्तर झालास, पण गाठ येत नाही!" त्यानं सोडून पुन्हा बांधली.

मेंढा आलाच होता, त्याला परत कोण नेणार? कापला, शिजवला, अख्खी गल्ली जेवली. अनारकाननं चार चमचे रस्सा घेतला आणि मीठ कमी असल्याचं सगळ्यांना सांगितलं. पण उद्या आणखी कुणी पुलावरून बघितलं तर? त्यावर बेगायिमनं उपाय काढला. तंबूपासून फाटकापर्यंत दोरी ताणली आणि घरातलं सगळं धुणं वाळत घातलं. लाल चादरी, पिवळे उशीचे अभ्रे, रिसबेकच्या चड्ड्यासुद्धा. मयताच्या घरी कोण धुणं वाळत घालतं? तरी दोन जण रडत आलेच. त्यांनाही आपांनी आत बसवलं, पुढचं म्हणायला लावलं, आणि चहा पाजला.

सोमवारी गाडी आली. रिसबेकनं तिच्यात कालिपाला बसवलं आणि तालुक्याला धाडलं, पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणायला.

अनारकान अकरा आठवडे जगली, त्याच कललेल्या तंबूत. दुखलं, पण थोडं. भांडली भरपूर. गेली ती सकाळी, बेगायिम चहा ओतत असताना, तोंड चक्राकडं करून. रिसबेक शेजारीच होता.

तुमच्या घरात असं एखादं माणूस पडून असेल तर आज एवढं करा. सफरचंदं घेऊन जाऊ नका, नव्या डॉक्टरचा नंबर देऊ नका. खुर्ची जवळ ओढा आणि विचारा, तुला कुठं झोपायचंय? उत्तर येईल ते तुम्हाला वेडगळ वाटेल. वाद घालू नका. गल्लीतल्या लोकांना हाका मारा, आणि कामाला लागा.