दिल्लीच्या आधी आमचा ठराव

माणसाचा हेवा कुणीही करतो. मी कित्येक वर्षं केळ्याचा हेवा केला आहे, आणि अगदी मनापासून केला आहे.

मी आणि माझे साडू, दोघंही ग्रामसेवक. मी धुळ्याकडच्या एका गावात, चाळीसगावहून येणाऱ्या फाट्याच्या रेल्वेवर. ते रावेर बाजूला, मेन लायनीवरच्या केळीच्या गावात. पगार सारखा, दप्तर सारखं, वरून येणाऱ्या शिव्याही सारख्या. फरक एवढाच की त्यांच्या स्टेशनातून केळ्यांनी भरलेली अख्खी गाडी दिल्लीला निघायची, आणि आमच्या मालधक्क्यावर मिरचीची पोती दोन-चार डब्यांची वाट बघत उघड्यावर पडून असायची. केळं नाशवंत, त्याला थांबवून चालत नाही. मिरची काय, वाळलेलीच आहे, आणखी दोन दिवस वाळेल. त्यामुळे डबे आधी तिकडे जायचे. केळ्याला पिवळं होण्याची घाई आणि आम्ही मात्र त्याच्या पायी लाल.

सासुरवाडी आमची पहूरची. दिवाळीत दोघं जावई एकदम दाखल व्हायचो. मी थोरला, म्हणून पहिला पाट माझा. पण पाटावर बसून काय उपयोग? साडूभाऊ पुरुषभर केळीचा घड खांद्यावरून उतरवायचे, नाना, म्हणजे आमचे सासरे, तो ओसरीत आढ्याला टांगायला लावायचे आणि आळीतली माणसं बघायला यायची. मी नेलेली मिरचीची पिशवी सासूबाई दारातच नाकाला पदर लावून घ्यायच्या. तरी घरभर शिंका सुरू.

"जावईबापू, माल चांगला आहे," नाना म्हणायचे, मग शिंकायचे, मग म्हणायचे, "जोरदार आहे." आणि लगेच धाकट्या जावयाकडे वळायचे. "मग? औंदा दिल्लीला काय जातंय?"

साडूभाऊ मान खाली घालून म्हणायचे, "औंदा जरा कमीच आहे नाना. रोज एकच गाडी."

रोज एकच गाडी! माझ्या घशात शेव अडकायची. पाणी कोण देणार, सगळे केळी खात असायचे.

तर ऐंशीचं दशक संपत आलेलं असताना दिल्लीला एकदम मालवाहतुकीचा उमाळा आला. रेल्वेचं एक परिपत्रक फिरत फिरत पंचायत समितीतून माझ्या टेबलावर उतरलं. लहान स्टेशनांच्या मालधक्क्यांवर केंद्राच्या पैशातून पक्क्या शेड बांधायच्या. गावानं फक्त रस्त्याला जागा द्यायची, पाण्याचा नळ आणायचा, आणि केंद्राच्या मालवाहतूक धोरणाला पाठिंब्याचा ठराव करायचा. पहिल्या यादीत आपल्याकडचं एकच स्टेशन बसेल, असं पंचायत समितीतल्या कारकुनानं कानात सांगितलं. आणि परिपत्रकाच्या शेवटी एक ओळ होती: ज्या स्थानिक संस्थेची तयारी आधीपासून असेल तिला प्राधान्य द्यावे.

शेड आम्हाला हवीच होती. गेल्या अवकाळीत पोती भिजून मिरचीला बुरशी लागली होती. आमच्या गावचे मोठे व्यापारी शेठजी, मारवाडातून तीन पिढ्यांमागे आलेले पण अहिराणी आमच्याहून अस्सल बोलणारे, त्यांनी ग्रामपंचायतीत येऊन बजावलं होतं, "भाऊ, हाई साल शेड नही व्हयनी ते मी ट्रकच लावसू." शेठजींनी ट्रक लावले की धक्का रिकामा, आणि धक्का रिकामा म्हणजे हमालांच्या दहा-बारा घरांच्या चुली थंड. गावासाठी एवढं पणाला लागलं होतं. माझ्यासाठी आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नाही. येत्या दिवाळीत नानांनी मला विचारायला हवं होतं, "मग? तुमच्याकडच्या शेडचं काय म्हणता?"

त्याच आठवड्यात कळलं की तेच परिपत्रक साडूभाऊंच्या टेबलावरही आलं आहे. माझी भूकच गेली. त्यांच्या दारात गाडी, आता गाडीवर छप्परही?

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. ग्रामपंचायतीच्या सभेचं कामकाज ज्या वहीत लिहितात तिला आम्ही प्रोसिडिंग म्हणतो. सभा झाली की मेंबर लोक खाली सह्या-अंगठे करून शेताला निघून जातात. ग्रामसेवक सावकाश वर मजकूर भरतो. आणि शहाणा ग्रामसेवक मजकूर आणि सह्या यांच्यामध्ये अर्धं पान कोरं सोडतो. कधी कुठला ठराव मागून आठवेल, सांगता येत नाही. माझ्या वहीत अशी कोरी पानं जागोजाग होती. बचतीचीच ती एक रीत म्हणा ना.

'आधीपासून' हा शब्द माझ्या डोक्यात गुणगुणत होता. वही उलटी चाळत गेलो. मागच्या महिन्यातली जागा मिळाली, पण साडूभाऊंनीही मागच्याच महिन्यातली धरली तर? आणखी मागे गेलो. पोळ्याच्या सुमाराची मिळाली, पण मनाचं समाधान होईना. शेवटी त्याच्या आधीच्या संक्रांतीच्या सभेखाली टुमदार अर्धं पान सापडलं. सह्या शिळ्या झालेल्या, शाई फिकी पडलेली. मी शाईत चमचाभर पाणी घातलं, मांडी घातली आणि लिहिलं. काय लिहिलं हो! केंद्र शासनाच्या दूरदर्शी धोरणास ही ग्रामपंचायत जाहीर पाठिंबा देत असून, राष्ट्राच्या मालवाहतुकीत आपला खारीचा वाटा उचलण्यास कटिबद्ध आहे. सूचक सरपंच, अनुमोदक उपसरपंच, ठराव सर्वानुमते मंजूर.

सरपंच म्हणजे आबा. त्यांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"हाई मी बोलनू?" त्यांनी विचारलं.

"बोललात आबा. संक्रांतीला."

"चांगलं बोलनू," म्हणाले, आणि तमाखू मळायला लागले.

पंधरा दिवसांनी भुसावळचे साहेब पाहणीला आले. रुळांवरून ढकलायच्या ट्रॉलीवर बसून, मागे दोन माणसं ढकलतायत, एक छत्री धरून. माझा ऊर भरून आला. आमच्या फाट्यावर असा थाट क्वचितच. स्टेशनात खुर्च्या मांडल्या होत्या, शेठजी, आबा, मेंबर, हमाल, सगळे हजर. साहेबांनी धक्का पायांनी मोजला, रस्त्याची जागा बघितली, मान डोलावली. "जागा चांगली आहे," म्हणाले. "पोत्यांचा माल आहे, शेडचा खरा उपयोग इथेच. ठराव दाखवा."

मी प्रोसिडिंग दोन्ही हातांनी पुढे केलं. आरतीचं ताट द्यावं तसं.

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"सभा संक्रांतीला झाली?"

"हो साहेब. आमची तयारी आधीपासूनच आहे."

"ते दिसतंय," साहेब म्हणाले. "पण इथे वर लिहिलंय, संदर्भ, रेल्वेचं परिपत्रक क्रमांक अमुक, दिनांक तमुक. हे परिपत्रक आम्ही काढलंय गणपतीत."

माझ्या पायाखालचा धक्का हलला. संदर्भ! ग्रामसेवकाची लेखणी संदर्भ लिहिल्याशिवाय पुढे सरकतच नाही. वीस वर्षांची सवय. शाईत पाणी घालायचं मला सुचलं, पण कागदाच्या डोक्यावर मी जन्माला न आलेल्या परिपत्रकाचा क्रमांक, तारखेसह, सुंदर अक्षरात लिहून ठेवला होता.

मग आबा उठले. खाकरले.

"साहेब," म्हणाले, "आमना गावनी नजर लांबनी शे. दिल्लीले जे गणपतीमा सुचनं, ते आमले संक्रांतलेच सुचनं. बठ्ठा मेंबरेस्न्या सह्या शेतस, देखा."

साहेब हसायला लागले. असे हसले की छत्रीवाल्यानं पाणी आणलं. हसता हसता डोळे पुसले, वही बंद केली आणि मला बाजूला घेतलं.

"हे मी पाहिलंच नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पाहिलं म्हणालो तर तुमची नोकरी जाते. नवीन सभा घ्या, नवीन ठराव करा."

"उद्याच घेतो साहेब."

"सभेची नोटीस किती दिवस आधी?"

"तीन दिवस..." मी म्हणालो.

"यादी परवा मुंबईला जाते."

ते ट्रॉलीवर बसले आणि माणसांनी त्यांना ढकलत नेलं. शेठजी उपरणं झटकून घरी गेले. हंगाम सुरू झाला तेव्हा पोती ट्रकमध्ये चढत होती. आमचे हमाल धक्क्यावर बसून ते बघत होते, आणि त्यांच्यासमोरून जाताना मी सायकलवरून उतरायचो नाही, उलट जोरात पायडल मारायचो.

शेड कुणाला मिळाली हे सांगायला नकोच.

उद्घाटनाला आम्हाला सहकुटुंब बोलावणं आलं. मी डोकं दुखतंय म्हटलं. बायको म्हणाली, "तुमचं डोकं माझ्या बहिणीच्या गावचं नाव काढलं की दुखतं. चला." गेलो. नवाकोरा पत्रा, खाली सिमेंटचा गुळगुळीत धक्का, झेंडूच्या माळा. नाना पहूरहून आले होते आणि खांबाला हात लावून बघत होते. भाषणात पाहुण्यांनी साडूभाऊंचा ठराव वाचून दाखवला. चार ओळींचा! ना कटिबद्ध, ना खारीचा वाटा. तारीख मात्र खरी.

जेवणं शेडमध्येच. वरणबट्टी, वांग्याची भाजी. साडूभाऊ वाढायला माझ्यापाशी थांबले, तेव्हा मला राहवेना. "एक सांगा. तुम्ही मागची तारीख का नाही टाकलीत?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि तूप वाढण्याच्या निमित्तानं खाली वाकले. "खरं सांगू भाऊ? सगळी वही धुंडाळली हो. पण एकही कोरी जागा शिल्लक नव्हती. दोन महिने आधी नळाच्या ठरावांत सगळी संपली होती. नाइलाजानं नवीन सभा घ्यावी लागली." आणि बट्टीवर तूप ओतून पुढे गेले.

मी त्यांच्या हुशारीवर जळत होतो, आता कळलं की हुशारीही नाही. नुसतं नशीब. त्यावर जळणं तर आणखी अवघड, कारण त्याला नावही ठेवता येत नाही.

जेवणाची पंगत उठली तशी केळीची गाडी लागली. ट्रक थेट डब्यांना भिडले, माणसांनी घड हातोहात आत दिले, पेंढा घातला, दारं लावली. एकही घड शेडखाली आला नाही. केळ्याला थांबायला वेळच कुठे असतो! छपराखाली आम्ही जावई मंडळी, नाना आणि एक म्हातारी गाय.

"काय गार वाटतंय," नाना म्हणाले आणि उपरणं पसरून आडवे झाले.

मी खांबाला टेकून वर बघत होतो. मनातल्या मनात आमची पोती आणून रचायला लागलो. भिंतीकडून सुरुवात केली, एकावर एक सहा. मग दुसरी रांग. मधून हमालांना ये-जा करायला वाट सोडली.

"अहो, विडा घ्या ना," बायको म्हणाली. "कधीची हात पुढे करून उभी आहे."

"थांब जरा," मी म्हणालो. "पावसाची झड येते त्या बाजूची रांग राहिली आहे."