देवजीच्या हातून सांडलेला भंडारा

दिवाळे गावच्या देवजीने दारू सोडली त्याला चार वर्षं झाली होती, आणि हे अभिमानाने सांगणारं माणूस एकच होतं, त्याची बायको पुतळा. आमच्या बेलापूरच्या सोसायटीच्या गेटवर ती मासळी घेऊन बसते. "पापलेटाला सारखी बोटं नका लावू ताई, लाजतं ते," म्हणत गिऱ्हाइकाचा हात झटकणारी ही बाई नवऱ्याचा विषय निघाला की मऊ व्हायची. "भंडारा उचललाय त्यानं. तवापासून थेंब नाय."

भंडारा उचलणं म्हणजे खंडोबाची हळद उजव्या हातात धरून शपथ घेणं. ती मोडणाऱ्याला गावात कोणी विचारत नाही. आयुष्यभर पिऊन बदनाम झालेल्या देवजीकडे मिरवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

मे महिन्याच्या शेवटी, मासेमारी बंद होण्याआधी, होडी वर ओढताना तो चिखलात घसरला आणि डोकं होडीच्या काठावर आपटलं. रक्त आलं नाही. टेंगूळ आलं आणि बसलं. टेंगूळ कोणाला येत नाही? माझ्या मुलाला, अभिरामलाही आज फुटबॉल खेळताना आलंय. तो आत झोपलाय, आणि मी दर थोड्या वेळाने त्याला हलवून नाव विचारते म्हणून चिडलाय.

देवजीला कोणी काही विचारलं नाही. जून सरत आला तेव्हा त्याचं डोकं सकाळपासून ठणकायला लागलं. दिवसाढवळ्या बसल्या जागी डुलक्या येऊ लागल्या. जाळ्याची गाठ मारता येईना. उजव्या पायातली चप्पल वाटेत गळून पडायची आणि हा तसाच पुढे जायचा, पोरं मागून हसायची. बोलताना जीभ अडखळायची. मासेमारीबंदीच्या दिवसांत रिकामे पुरुष पितातच, तेव्हा गावाने काय ते ओळखलं.

पुतळा रोज त्याचं तोंड हुंगायची. वास नसायचा.

"आता बिनवासाची पन मिलते," देवजीचा थोरला भाऊ आप्पा म्हणाला. "तुला येडी बनवतोय तो."

"मी नाय पिलो, आप्पा."

"मग सरल चालून दाखव."

देवजी चालला. भिंतीला धडकला. सगळे हसले.

शेवटी आप्पाने ठरवलं, पुन्हा भंडारा उचलायचा. खरं असेल तर देव सांभाळेल. आठ-दहा माणसं देवळात जमली. पुतळाला मनातून बरंच वाटलं होतं, एकदाचा डाग पुसला जाईल म्हणून. देवजीने उजवा हात पुढे केला. आप्पाने त्यावर हळद ठेवली. मूठ मिटेना. हात हळूहळू खाली झुकला आणि भंडारा फरशीवर सांडला. गोंधळून त्याने डावा हात पुढे केला.

"डाव्या हातानं? देवाला?" आप्पा ओरडला.

त्यानंतर कोणाला काही विचारायचं उरलं नाही. देवाने शपथ नाकारली होती. पुतळाने त्याचं अंथरूण ओट्यावर टाकलं आणि त्याच्याशी बोलणं सोडलं. एका हाताची ताकद जाते, जीभ अडखळते, पाय ओढला जातो, तेव्हा माणसाला देवळात नाही, दवाखान्यात न्यायचं असतं. पण हळद सांडताना सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

आठवड्याभरात ओट्यावरच त्याला झटके आले. कोणी कांदा हुंगवला, कोणी दातांत चमचा घातला. दात तुटला. त्याला नुसतं कुशीवर वळवायला हवं होतं, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "यांचं डोकं कधी आपटलं होतं का?"

"दारू पितो ओ हा," आप्पा म्हणाला.

मुलगी उन्नती, अकरावीतली, ती रडत म्हणाली, "होडीवर आपटलं होतं. मे महिन्यात."

कवटीखाली आठवडेन् आठवडे रक्त साचत गेलं होतं, मेंदू एका बाजूला दाबला गेला होता. जुन्या पिणाऱ्यांच्या, वयस्कर माणसांच्या डोक्यात असं रक्त साचायला साधा मारही पुरतो, डॉक्टरबाई म्हणाल्या. "चालणं बिघडलं तेव्हाच आणलं असतं तर..."

"बास. पुढं नका बोलू," पुतळा म्हणाली.

ऑपरेशन झालं, जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा गेली. स्कॅनची फिल्म घेऊन पुतळा मासळी बाजारात उभी राहिली, जो भेटेल त्याला दाखवत. "बगा, दारू नवती, रगत होतं." बायकांनी फिल्म उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. "पिला म्हणूनच पडला आसंल ना गो," एकजण म्हणाली.

परवा मी तिच्या घरी गेले. ती त्याला कुशीवरून वळवते, पाठीवर जखम होऊ नये म्हणून. बसवून घट्ट पेज भरवते, पातळ दिलं तर ठसका लागून छातीत जातं. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलंय की शब्द त्याच्या कानावर पडतात पण अर्थ लागत नाही, आणि इतक्या महिन्यांत आलं नाही ते आता येईलसं वाटत नाही.

तरी ती त्याच्या तोंडासमोर वाकली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तू पिला नवतास. मला ठाव हाय."

देवजी तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याने तोंड उघडलं. त्याला वाटलं, ती भरवतेय.

पुतळाने वाटी उचलली आणि पेजेचा चमचा त्याच्या तोंडात घातला.