सात नंबरवरचं घर

माझी आई घर ओळखते ती टीव्हीच्या रिमोटवरून. ऐकायला विचित्र वाटेल, पण तिचा विसराळूपणा वाढत गेला तेव्हा आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग आपण जेवलो की नाही तेही जायला लागलं. राहिलं ते एवढंच, की सात दाबलं की कीर्तन लागतं. आणि कीर्तन लागलं म्हणजे आपण आपल्या घरी आहोत.

आई एक महिना माझ्याकडे शहरात असते आणि एक महिना बहिणीकडे, बिडकीनला. पण लेकीच्या सासरी राहायचं नाही, तिथलं पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही, अशा जुन्या वळणाची ती बाई. पहिल्यांदा तिकडे नेलं तेव्हा दोन दिवस नीट जेवली नाही, पिशवी धरून दाराशी बसून राहिली. तेव्हा मी डोकं चालवलं. कंपनीत मी मशीनांची देखभाल करतो, त्यामुळे असल्या उचापतींची मला खोडच आहे. माझ्या हॉलमधल्या, आईच्या खोलीतल्या आणि बहिणीच्या घरातल्या टीव्हीला मी एकेक छोटा संगणक जोडून दिला. तिन्हींना चॅनलची यादी एकच. ती इंटरनेटवरच्या एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवायची आणि संगणक चालू झाला की त्यानं ती तिथून उचलायची. इथं सातवर जे लागतं तेच बिडकीनला सातवर. चादर तसलीच घेतली, रिमोटही तसलाच. आईनं सात दाबलं, कीर्तन लागलं, आणि ती पिशवी खाली ठेवून पलंगावर मांडी घालून बसली. आपण लेकीच्या सासरी आहोत हे आम्ही तिला पुन्हा कधी सांगितलं नाही. बहिणीच्या सासूबाईंना ती शेजारीण समजते. "ही बाई लई येळ बसती आपल्याकडं," असं बहिणीच्या कानात सांगते, आणि ते साऱ्या घराला ऐकू जातं.

या फसवणुकीचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

एका सुट्टीच्या सकाळी आई बिडकीनला होती आणि मी रिकामा होतो. यादीत बंद पडलेली चॅनलं साचली होती, ती पाहून माझं टाळकं सरकायचं. मी ती उडवली, उरलेल्यांना नव्यानं ओळीनं नंबर दिले आणि खेळांची चॅनलं वर घेतली. काम छान झालं म्हणून स्वतःच्या हातानं चहा करून प्यायलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

दुपारी बहिणीचा फोन आला.

"दादा, आई घरात नाय."

"नाही म्हणजे? मागं बघितलंस?"

"समदीकडं बघितलं. माझा जरा डोळा लागला होता. उठून बघते तर दार उघडं. गल्लीत नाय, देवळात नाय. चपला इथंच हायेत, दादा."

चपला तिथंच, म्हणजे ती अनवाणी गेली होती. गाडीची किल्ली हातात होती आणि मी ती घरभर शोधत होतो.

पैठण रोडवरून मी हजारदा गेलो असेन, पण त्या दिवशी तो रस्ता मला खायला उठला. बिडकीन जवळ येईल तशी कंटेनरची रांग लागते, आणि प्रत्येक कंटेनर मला आईच्या अंगावर चाललेला दिसत होता. पाइपलाइनसाठी रस्त्याकडेला चर खणलेले होते. मी गाडी हळू करून प्रत्येक चरात वाकून बघत होतो आणि बघताना मनात म्हणत होतो, इथं नको, देवा, इथं नको. मागचे लोक हॉर्न मारून शिव्या देऊन जात होते.

चितेगाव ओलांडल्यावर ते माझ्या डोक्यात आलं. सकाळची यादी. मी ती फक्त माझ्या हॉलसाठी आवरली होती, पण यादी तर तिन्ही टीव्हींची होती! आईनं जेवणानंतर सात दाबलं असणार. कीर्तन लागलं नसणार. आणि मग ज्या घरात सातवर कीर्तन नाही, ते घर तिचं नव्हतं. परक्याच्या घरात ती बाई कशी बसेल? तिनं आपलं घर शोधायला वाट धरली होती. मी तिला स्वतःच्या हातानं घराबाहेर काढलं होतं.

बिडकीनच्या अलीकडे एका पंक्चरच्या दुकानात, उभ्या टायरांच्या सावलीत, मला हिरवं लुगडं दिसलं. आई स्टुलावर बसली होती. पाय धुळीनं भरलेले आणि अंगठ्याला रक्त. रिमोट पदरात घट्ट धरलेला. दुकानदार मला पाहून म्हणाला, "आराम से भाई, अम्मा ठीक है. पानी पिलाया. बस एकच बात बोल रै, मेरेकू मेरे घर जाना."

मला पाहून आई उठली. "आलास व्हय? चल. त्या लोकांनी मला कुठं आणून ठिवलं हुतं कुणास ठाऊक. सातवर उघडे गडी कुस्त्या खेळत हुते." मी तिचे पाय धरले आणि रस्त्यावर सगळ्यांसमोर रडलो.

बहिणीच्या घरी आणलं तेव्हा सासूबाई ओट्यावर उभ्याच होत्या. "स्वतःची आई सांभाळणं होत नाय तर आणायची कशाला? झोपा काढायला?" बहीण खाली मान घालून म्हणाली, "चुकलं माझं." मी खुर्चीवर बसलो होतो, हातात पाण्याचा तांब्या. तोंड उघडलं नाही. खरं सांगितलं तर आईला इथं कधीच ठेवणार नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण साधं होतं, मला भीती वाटली. पाणी पिऊन झाल्यावर, कुणाचं लक्ष नाही असं बघून मी मोबाइलवरून जुनी यादी परत ठेवली आणि संगणक बंद करून चालू केला.

तेव्हापासून बहीण दुपारी झोपत नाही. दाराला खुर्ची आडवी लावून तिच्यावर बसते आणि डोळे ताणून जागी राहते. तिचे डोळे खोल गेले. महिना संपल्यावर आईला न्यायला गेलो तेव्हा मला ते बघवेना. स्वयंपाकघरात मी तिला सगळं सांगून टाकलं.

ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"मला त्याच दिवशी कळलं हुतं, दादा," ती म्हणाली. "माझी मालिकाबी गायब झाली हुती, अन् तू आल्यावर परत आली. मी काय येडी हाय?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "यादीचं मला काय नाय. सासूबाई बोलत हुत्या तवा तू तिथं बसला हुतास."