झाडावर पिकलेली केळी

आमच्या घराण्यात केळी झाडावर पिकवणारा माणूस आजवर एकच निघाला आणि तो शेती करत नाही. तो धुळ्याला एका कचेरीत कारकून आहे आणि सध्या हा मजकूर लिहितो आहे.

आमचं गाव फैजपूरजवळ. तिथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, की केळीचा घड हिरवाच कापायचा. घड झाडावर पिवळा झाला म्हणजे एक तर भाव कोसळला, नाही तर व्यापाऱ्याने पाठ फिरवली, नाही तर मालकाचं डोकं फिरलं. कुणाच्या बागेत एखादी फणी पिवळी दिसली, तर गावातली माणसं त्याच्याकडे सांत्वनाला आल्यासारखी चहाला येतात.

तर, आबा आणि आक्का, म्हणजे माझे आईवडील, यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. थोरल्या भावाने मांडव आणि जेवण अंगावर घेतलं आणि मला सांगितलं, की फोटोसाठी मागे लावायचा पडदा तू कर. आक्काने जन्मात कधी काही मागितलं नाही. या वेळी मात्र तिने फोनवर मागितलं, "मांगे आपली विहिरीवरची बाग पाहिजे."

ती बाग रस्ता रुंदीकरणात केव्हाच गेली. लग्न झाल्यावर दोघांचं अर्धं आयुष्य त्या बागेत गेलं, पण तिचा एकही फोटो नाही. दोघांचा एकत्र फोटो घरात एकच. मी लहान असताना आबा आम्हाला जळगावच्या एका स्टुडिओत घेऊन गेले होते. मागे रंगवलेला पडदा. त्यावर तळं, तळ्यात हंस, काठाला संगमरवरी जिना. आबांनी नवी टोपी घातलेली. फोटोग्राफर 'हसा, हसा' म्हणत होता आणि आबा त्याला विचारत होते, की या तळ्याचं पाणी कोणत्या शिवाराला जातं. दर दिवाळीला तो फोटो पुसताना आक्का म्हणायची, "कोनाचं तयं हाये, काय म्हाईत!" ते ऐकून आम्ही भावंडं हसायचो. आता आठवलं की हसू येत नाही. परक्याच्या तळ्याकाठी तिने आयुष्यभर संसार मांडून ठेवला होता.

म्हणून मी हे काम मनावर घेतलं. शिवाय माझं डोकं तेव्हा जरा चढलेलंच होतं. शेजाऱ्यांच्या नातीच्या बारशाला मी एआयकडून ढग, चंद्रकोर आणि झोपाळा असा पडदा करून दिला होता आणि तेव्हापासून गल्लीतले लोक मला 'आर्टिस्ट' म्हणू लागले होते. (वैशाली, माझी बायको, हा शब्द दळण आणायला पाठवतानाच वापरते.)

मी मोबाइलला सगळं सविस्तर सांगितलं. विहीर, शेजारी कडुनिंब, पलीकडे केळीची बाग. पहिल्या खेपेला त्याने समुद्र दिला. दुसऱ्या खेपेला विहिरीवर हत्ती पाणी पीत होता. मी त्याची समजूत घालत राहिलो. शेवटी एकदाची बाग आली. वैशालीलाही आवडली. पण माझ्यातल्या आर्टिस्टला ती जरा फिकी वाटली, म्हणून मी तिच्यात चार सुधारणा केल्या आणि फ्लेक्सच्या दुकानात दिली. दुकानदार खूश. म्हणाला, "भाऊ, फोटोमा लई भारी दिखस!" त्याच्या घरी केळीची बाग नव्हती, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.

फ्लेक्सची गुंडाळी माझ्यापेक्षा उंच. धुळ्याहून एसटीत ती आडवी मावेना आणि उभी राहीना. पारोळ्यापर्यंत तिने एका सद्‌गृहस्थांची टोपी तीनदा पाडली. चौथ्यांदा त्यांनीच टोपी काढून खिशात घातली आणि यात आहे तरी काय, म्हणून विचारलं. मी अभिमानाने म्हणालो, "आमची केळीची बाग." त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी फ्लेक्सवर चादर टाकून ठेवली होती. सगळा गोतावळा जमला. आक्का नवं लुगडं नेसून, हातात हार घेऊन पुढे उभी. मी चादर ओढली.

मांडव एकदम गप्प झाला. मला वाटलं, माणसं भारावली. माझेही डोळे भरून आले होते, त्यामुळे मला लोकांचे चेहरे नीट दिसले नाहीत. सोन्यासारखे पिवळेधमक घड लगडलेली ती बाग सगळा गाव टक लावून बघत होता. मग आबांचे चुलतभाऊ विष्णूनाना खुर्चीवरून सावकाश उठले, आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "आबा, व्यापारी आलाच नही का?"

तिथून जे सुरू झालं, ते आवरेना. कुणी त्या वर्षी भाव काय होता ते विचारलं. कुणी जवळ जाऊन दाखवलं, की एकेका खोडाला तीन-तीन घड आहेत. (एका खोडाला आयुष्यात एकच घड येतो. हेही मला पाळण्यातच शिकवलं होतं.) फैजपूरच्या मामांनी तर हे वाण कोणतं आणि रोपं कुठे मिळतील याची चौकशी केली. पोटं धरधरून हसत होते लोक. आबांचा चेहरा मात्र उतरत गेला.

"आपल्या बागेत म्या एक फनी पिकू देली नही," ते म्हणाले. "मी नही उभा राहात याच्यापुढे."

आणि फ्लेक्सकडे पाठ करून ते खुर्चीत बसले. आबा एकदा बसले की बसले. फोटोग्राफर ताटकळला. आक्का हातात हार घेऊन एकटीच त्या पिवळ्या बागेपुढे उभी. मला ते बघवेना.

मी घाईघाईने सगळा दोष एआयवर ढकलला. म्हटलं, या यंत्राला केळीतलं काय कळतंय, ते परदेशात शिकलेलं. तेवढ्यात वैशाली शांतपणे बोलली, "अहो, त्याने पहिल्यांदा हिरवीच दिली होती. एका खोडाला एकच घड होता. तुम्हीच म्हणालात, फिकी दिसतात, पिवळी कर आणि भरपूर कर."

आता मांडवातल्या हसण्याला काही धरबंद राहिला नाही. मी खाली बघत होतो. वीस वर्षं धुळ्यात गाडीवरची केळी डझनाने घेऊन खाल्ली, की केळी पिवळीच असतात असं वाटायला लागतं. बाग रस्त्यात गेली ते एक झालं, माझ्या डोक्यातूनही ती कधी गेली, मला कळलंच नव्हतं. खरं सांगतो, त्या क्षणी फार वाईट वाटलं.

तेव्हा आक्का बोलली. "दारातले दोन्ही खांब उचला अन् याच्यापुढे लावा."

मांडवाच्या दाराला शुभ म्हणून केळीचे दोन खांब बांधले होते. भावाच्या बागेतले, खरे, हिरव्यागार घडांचे. चारजणांनी ते उचलून आणले आणि फ्लेक्सच्या दोन्ही अंगांना उभे केले. त्यांच्या पानांआड माझी बाग गेली. मधोमध विहीर तेवढी दिसत राहिली.

आक्का त्या विहिरीकडे, मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी थारोळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "या थारोळ्यावर बसून भाकर खायचो आपन. या आता."

आबा उठले. हिरवा घड त्यांनी हाताने चाचपला, दोन केळी दाबून पाहिली आणि मगच तिच्याशेजारी उभे राहिले. फोटो काढताना त्यांना 'हसा' म्हणावं लागलं नाही.

तळ्याचा फोटो आक्काने भिंतीवरून उतरवला नाही, हा त्याच्याशेजारी लावला. त्यात पानं खरी आहेत, घड खरे आहेत आणि विहीर थोडीशी दिसते. माझ्या वाट्याचं म्हणावं असं वर वीतभर आभाळ आहे.

फ्लेक्स वाया गेला नाही. भावाने तो गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने बांधला, चित्र आतल्या अंगाला. शेजारी म्हैस असते. परवा गेलो तेव्हा आबा एका पाहुण्याला सगळं दाखवत होते आणि मी मुकाट्याने म्हशीकडे बघत होतो. नाकासमोर तीन-तीन घड पिवळेधमक लोंबताहेत, पण तिने आजवर एकदाही तिकडे तोंड वळवलेलं नाही म्हणे. कडबा खात होती बिचारी. त्या केळीला भुलणारा जीव आमच्या घरात अजूनही एकच आहे.