लेकीच्या खोलीतला भरलेला कॅन

आई-बापांनो, आज दुपारी लेकीच्या खोलीवर जे बघितलं, ते कुणाला तरी सांगावं म्हणून इथं लिहितेय.

दहावीचा शेवटचा पेपर झाला अन् आठवड्यात लेकीला अकरावीच्या क्लाससाठी लातूरला ठेवलं. दुष्काळामुळं घरमालकीणबाईंची एकच अट होती, प्यायचं पाणी तुमचं तुम्ही आणा. म्हणून मी दर रविवारी शिरूर अनंतपाळहून एसटीनं वीस लिटरचा कॅन नेते.

आजही नेला. बसमध्ये लातूर तोडून नवा जिल्हा करायच्या चर्चेवरून वाद रंगला होता, माझं सगळं ध्यान पायाजवळच्या कॅनवर.

खोलीत गेले तर मागच्या रविवारचा कॅन जवळजवळ तसाच भरलेला. पोरीचे ओठ फुटलेले.

"अगं, पाणी पीत न्हाईस का?"

"पिते की. सकाळी एक ग्लास, संध्याकाळी एक. हे घरी घेऊन जा आई. आपल्या बोअरला तरी आता किती राहिलंय?"

तिची मैत्रीण हळूच म्हणाली, "काकू, परवा क्लासमध्ये हिला चक्कर आली होती."

मी रोज फोन करते, टेस्टचे मार्क विचारते. मार्क ती बरोबर सांगते. चक्कर आल्याचं सांगितलं नाही.

दवाखान्यात दाखवलं, समोर बसवून पाणी पाजलं, दोन्ही कॅन तिथंच ठेवून आले.

लातूरला सोडताना मीच बजावलं होतं, "जपून वापर, कशाची तक्रार करू नको." पोरं ऐकत नाहीत म्हणून सगळे घाबरतात. माझी पोर ऐकते, याचीच मला आज धास्ती बसलीय.

आत्ता फोन केला. म्हणाली, "बरी हाय, आई."

याच्यापुढं काय विचारायचं असतं, सांगा ना कुणीतरी.