नसलेली शेजारीण

आमच्याकडच्या बातमीदाराला सगळे घोडेस्वार म्हणायचे. घोड्यावर तो जन्मात बसला नव्हता. पण आग असो की हाणामारी, हा पोचायचा वरातीमागून. गर्दी पांगलेली, पोलीस चहाला गेलेले, आणि हा विचारतोय, "काय झालं हो?"

त्याच्या संपादकांचा दंडक एकच: बातमीत कुणीतरी बोललं पाहिजे.

एका दुपारी बेकरीला आग लागली. घोडेस्वार आला तोवर राख भिजून गार आणि गल्ली जेवून आडवी. त्याने एकदोन दारं वाजवली, मग कचेरीत बसून स्वतःच लिहून टाकलं: 'नाव न सांगण्याच्या अटीवर एका शेजारणीने सांगितले, की बेकरीवाला पिऊन तर्र होता.' त्याला वाटलं, शेजारणींना काय तोटा! अहो, पण बेकरीला लागून घर एकच आणि त्यात बाई एकच: बेकरीवाल्याची विधवा वहिनी. तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला.

बेकरीवाला थेंबाला न शिवणारा. तरी बेकरी पुन्हा सुरू झाल्यावर गिऱ्हाइकं पाव घेण्याआधी त्याचं तोंड हुंगू लागली. ते त्याने सोसलं. वहिनीचं सोसेना.

"माझ्या तोंडावर बोलायचंस. पेपरात कशाला?"

"मी नाही रे बोलले."

"मग कोण, भिंत बोलली?"

तेव्हापासून तो बेकरीतच झोपू लागला. ती रोज त्याचं ताट वाढायची आणि झाकून ठेवायची.

खरं तर कुणाची चुगली झाली की पहिला संशय माझ्यावर यायचा. या खेपेला आला नाही म्हणून मी जरा दुखावलोच. पण शेजारीण कसा होणार मी?

एकदा न्हाव्याकडे घोडेस्वार शेजारच्या खुर्चीत सापडला. मी म्हटलं, "तुझी ती शेजारीण कोण रे बाबा? तिच्यापायी दिराने घर सोडलं." गडी साबणाहून पांढरा पडला. अर्धी दाढी तशीच ठेवून उठला.

पुढचं मला कचेरीतल्या शिपायाने सांगितलं. संपादक म्हणाले, "आतल्या पानावर दोन ओळी टाकू. गैरसमजातून छापलं गेलं म्हणून."

"गैरसमज कुणाचाच नव्हता, साहेब. मी रचलं ते."

हटून बसला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, त्याच्या नावानिशी: 'ती शेजारीण नव्हती. ते वाक्य माझे.' नोकरी त्याच दिवशी गेली.

एवढ्यावर घरी बसता तरी चाललं असतं. पण पुढल्या सकाळी, पावासाठी रांग लागलेली असताना, हा बेकरीत येऊन तेच मोठ्याने बोलला. बेकरीवाल्याचे हात कणकेने भरलेले. आता बसते कानफटात, म्हणून आम्ही टाचा उंचावल्या. तो मात्र तसाच शेजारच्या दाराशी धावला.

"वहिनी, उघड."

"कोण, तो तर्र होणारा?"

"तोच. भूक लागलीय."

दार उघडलं. दिराला आत ढकलून वहिनी बाहेर आली आणि घोडेस्वारासमोर उभी राहिली.

"नोकरी गेली?"

"गेली."

"बरं झालं." मग तिने विचारलं, "घरी कोण असतं?"

"आई."

"तिला पेपरातून कळलं?"

"नाही. आधी मी सांगितलं."

वहिनीने त्याच्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि बाजूला झाली. त्याला जायला वाट मिळावी म्हणून रांगही सरकली. मीसुद्धा सरकलो, आणि मी काही कुणाला वाट देणाऱ्यांतला नव्हे.