वाघाला ताप आला तेव्हा

आमच्या घरात दोन मुली. माझी साडेचार वर्षांची, जाऊबाईंची तीन वर्षांची. अनसिंगला आमचं एकत्र कुटुंब आहे. जाऊबाई नोकरीसाठी सकाळीच वाशीमला जातात, म्हणून दुपारी दोघी माझ्याच गळ्यात. एकदा त्यांना झोपवताना मी एक गोष्ट रचली. विहिरीवर एक वाघ बसतो, कोणाला पाणी पिऊ देत नाही, मग सगळी जनावरं मिळून त्याला पळवून लावतात. झोपायचं राहिलं बाजूला. तेव्हापासून रोज ती गोष्ट 'करायची' असायची. ओसरीवर ठेवलेलं मोठं पातेलं, आमच्याकडचा गंज, म्हणजे विहीर. मोठी ससा, धाकटी शेळी, आणि वाघ मी.

एका दुपारी माझे हात पिठात होते. मोठी सरळ आबांकडे गेली. आबा म्हणजे माझे सासरे. बस चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, स्वभाव कडक, बोलणं मोजकं. माझे यजमान आणि दीर आजही त्यांच्यासमोर पाय लांब करून बसत नाहीत.

"आबा, आज तुमी वाघ व्हा."

"मले नाही येत ते."

"फक्त बसाचं अन् वरडाचं."

मला वाटलं, ते पेपर उघडतील. पण ते उठले, पिवळी चादर पाठीवर घेतली आणि गंजामागे गुडघ्यांवर बसले. धाकटी "बें बें" करत पुढे आली. आबांनी डरकाळी फोडली. वीस वर्षं बसच्या खिडकीतून बाजारच्या गर्दीवर चढलेला तो आवाज. माझ्या हातातली परातही दचकली. धाकटीची चड्डी ओली झाली आणि ती इतकी रडली की तिला श्वास सापडेना.

मी धावले. आबा तिथेच गुडघ्यांवर होते. "काहून रडून राह्यली? मी त खोटा वाघ होतो," असं ते हळू म्हणत होते, पण तिला ते ऐकू जात नव्हतं. त्यांनी चादर काढली, नीट घडी घातली आणि आपल्या खोलीत गेले.

पुढचे तीन दिवस आबा दुपारी शेतात जाऊन बसायचे. तिथे तेव्हा काही काम नव्हतं. मी चहा दिला की मान खाली घालून घ्यायचे. मला वाईट वाटत होतं, पण सासऱ्यांची समजूत कशी काढायची, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

चौथा दिवस रविवार होता, आबा खोलीतच होते. मोठीने मला विचारलं, "वाघ काहून येत नाही आता?"

माझ्याआधी धाकटीच म्हणाली, "त्याले ताप आला असन."

दोघींनी आपसांत काय ठरवलं कोण जाणे. तांब्यात पाणी घेऊन, अर्धं सांडत, त्या आबांच्या खोलीकडे निघाल्या. मी मागे गेले. धाकटी दारात क्षणभर थांबली. मग आत जाऊन म्हणाली, "वाघोबा, पाणी प्या."

आबा खाटेवर बसले होते. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, सगळं पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी लय जोरात वरडलो. चुकलं माझं."

माझे यजमान माझ्या मागे येऊन उभे होते. ते मला हळूच म्हणाले, "'चुकलं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला."

मोठीने त्यांना पाहिलं. "बाबा, तुमी डॉक्टर. याचा ताप पहा."

यजमान जागचे हलले नाहीत. आबा खाली पाहत होते. मोठीने हात धरून ओढलं, तेव्हा कुठे ते पुढे झाले आणि त्यांनी आपल्या वडिलांच्या कपाळावर हात ठेवला. ठेवला तो काढायचं त्यांना सुचेना. आबांनी डोळे मिटून घेतले.

"हाय का ताप?" धाकटीने विचारलं.

"थोडा हाय," यजमान म्हणाले.

आता मूळ गोष्ट कोणालाच नको असते. मी दोनदा सांगून पाहिली, पण वाघाला पळवायचं म्हटलं की दोघी कानांवर हात ठेवतात. त्या रविवारी खाटेवर बराच वेळ बसल्यावर आबा म्हणाले, "मंग आता उठू का मी?"

"मले नका विचारू," धाकटी म्हणाली. "डॉक्टरले विचारा."

आबांनी मान वर करून आपल्या मुलाला विचारलं.